शेरीफला मत देण्याआधी तुरुंगाबद्दल विचारा

अमेरिकेत शेरीफची, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीसप्रमुखाची, निवडणूक आली की उमेदवार गस्तीवर बोलतात. जास्त डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचे पोलीस) आणू, जास्त गाड्या फिरवू. ग्रामीण काउंटीत मतदान करणाऱ्या मराठी मंडळींनी त्यांना आधी तुरुंगाबद्दल विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे पोलीस ठाणं, कारागृह, कोर्टाचा बेलीफ आणि ११२ चा नियंत्रण कक्ष या वेगवेगळ्या यंत्रणा. तिकडच्या लहान काउंटीत ही सगळी कामं बहुतेक वेळा एकट्या शेरीफच्या हाताखाली येतात. त्याला लोक निवडून देतात, बहुतेक ठिकाणी ४ वर्षांसाठी. पैसे मात्र काउंटीचे कमिशनर मंजूर करतात आणि त्यातला मोठा वाटा तुरुंगावर जातो.

तुरुंगाला सुट्टी नसते. रात्रपाळीचा एक माणूस आला नाही तर रस्त्यावरचा डेप्युटी आत बसवावा लागतो. कैद्याला इस्पितळात हलवलं तर त्याच्या खाटेशेजारी पहारा लागतो, म्हणजे आणखी एक गाडी कमी. आतल्या बऱ्याच जणांना शिक्षा झालेलीच नसते, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून ते खटल्याची वाट बघत असतात. त्यांच्या औषधपाण्याचा बहुतेक खर्च काउंटीवरच पडतो, कारण आत असताना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सहसा पैसे देत नाही. पहिले २-३ दिवस सर्वांत धोक्याचे. दारू अचानक तुटलेल्या माणसाला झटके येऊ शकतात, मधुमेह्याचं इन्सुलिन चुकू शकतं. आत घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं घाबरलेला माणूस अर्धवट देतो. म्हणून घरच्यांनी औषधांची नावं, मात्रा, वेळा आणि फार्मसीचा फोन नंबर लगेच तुरुंगाच्या नर्सला कळवावा. अटक झालेली व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर वकिलातीला कळवण्याची मागणी तिने स्वतः करावी. व्हिएन्ना कराराने तो हक्क दिला आहे, पण भारतीयांच्या बाबतीत तो मागावा लागतो.

दुसरं दुर्लक्षित काम दिवाणी विभागाचं: समन्स बजावणं, कोर्टाच्या हुकमाने घर रिकामं करून घेणं, जप्त मालमत्तेचा लिलाव. (मुंबईच्या नगरपालाचं, म्हणजे तिथल्या शेरीफचं, पद आज मानाचं उरलंय, पण त्या कार्यालयाकडे उच्च न्यायालयाचे हुकूम बजावण्याचं काम अजून आहे. मूळ एकच.) यात सर्वांत नाजूक असतो घरगुती हिंसाचारातला संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देणाऱ्याने दूर राहावं असा कोर्टाचा हुकूम. त्रास देणाऱ्याच्या हातात आदेश पडेपर्यंत, तो मोडल्याबद्दल त्याला पकडणं सहसा जमत नाही. आणि आदेश बजावणं अडतं बहुधा पत्त्यावर. अर्जात घराच्या पत्त्यासोबत कामाची जागा, पाळीची वेळ, गाडीचा रंग आणि नंबर लिहिला तर डेप्युटीची फेरी फुकट जात नाही.

९११ ला (तिकडचा आपत्कालीन क्रमांक) फोन लावताना आधी जागा सांगा, मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते. काउंटीच्या सीमेवर मोबाइल शेजारच्या टॉवरला लागतो आणि फोन भलत्याच काउंटीत जातो, म्हणून काउंटीचं नाव, रस्त्याचा क्रमांक आणि जवळचा मैलाचा दगड सांगायचा.

डोंगरात हरवलेल्यांचा शोधही पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत शेरीफकडेच असतो. कोलोरॅडोत कायद्यानेच ती त्याची जबाबदारी आहे, प्रत्यक्ष डोंगर चढतात ते स्वयंसेवक. ते शोधाचे पैसे लावत नाहीत (रुग्णवाहिकेचं बिल वेगळं येऊ शकतं). बिलाच्या धास्तीने अंधार पडेपर्यंत फोन न करणं जिवावर बेततं.

तर उमेदवाराला विचारा: रात्री २ वाजता तुरुंगात किती माणसं असतात आणि रस्त्यावर किती? नर्स रात्री असते का? न बजावलेले संरक्षण आदेश किती पडून आहेत? त्याने उडवाउडवी केली तर काउंटीच्या अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीला जा आणि कागदात दोन आकडे शोधा, तुरुंगाचा ओव्हरटाइम आणि कैद्यांचा वैद्यकीय खर्च.