‘खरा बाँड असा वागतच नाही’ हा आक्षेप टिकत नाही

डॅनियल क्रेगच्या पाच बाँडपटांबद्दल एक तक्रार सतत फिरत असते. खरा जेम्स बाँड निर्विकार होता. तो प्रेमात अडकायचा नाही, वरिष्ठांचा हुकूम मोडायचा नाही, दुःख उगाळत बसायचा नाही, आणि मरणं तर शक्यच नाही. २००६ ते २०२१ या काळात या पात्राची पार वाट लावली गेली, असा या तक्रारीचा सूर असतो. मला ती मुळातच चुकीची वाटते, कारण ज्या बाँडचे दाखले दिले जातात तो ना पुस्तकांत सापडतो, ना जुन्या चित्रपटांत.

आधी प्रेमाचा मुद्दा. इयान फ्लेमिंगची पहिलीच बाँड कादंबरी, १९५३ची ‘कसिनो रोयाल’, काढून बघा. त्यात बाँड आपली सहकारी व्हेस्पर हिच्यात इतका गुंततो की तिच्याशी लग्न करायचं ठरवतो. ती शत्रूसाठी काम करत होती हे तिच्या आत्महत्येनंतर कळतं. तेव्हा तो तिच्याबद्दल जे विखारी बोलतो, त्यालाच लोक त्याच्या थंडपणाचा पुरावा मानतात. मला तिथे आतून मोडलेला माणूस दिसतो. क्रेगच्या २००६च्या याच नावाच्या चित्रपटाने हे प्रेम कुठून उसनं आणलेलं नाही, ते पुस्तकातलंच आहे.

पडद्यावरही हे नवीन नव्हतं. १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड ट्रेसीशी लग्न करतो आणि त्याच दिवशी ती गोळीला बळी पडते. मोटारसायकलवरचा पोलीस गाडीजवळ थांबतो. बाँड तिला कवटाळून त्याला सांगतो की काही झालं नाही, ती जरा विश्रांती घेतेय, आम्हाला घाई नाही. मग तो तिच्यात तोंड लपवतो आणि कॅमेरा काचेवरच्या गोळीच्या भोकावर थांबतो. हे बघितलेल्या माणसाने ‘बाँड कधी हळवा नव्हता’ असं कसं म्हणावं, मला खरंच कळत नाही. बारा वर्षांनी, १९८१च्या ‘फॉर युवर आईज ओन्ली’ची सुरुवात तिच्याच थडग्यापासून होते, आणि तेव्हा नायक रॉजर मूर होता, ज्याला सगळे सर्वांत हलकाफुलका बाँड मानतात.

हुकूम मोडण्याचं म्हणाल, तर मूरनंतर बाँड झालेल्या टिमथी डाल्टनचे दोन्ही चित्रपट त्यावरच उभे आहेत. १९८७च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये खिडकीत बंदूक घेऊन बसलेल्या बाईला टिपायचा आदेश असतो. बाँड दुर्बिणीतून बघतो आणि ऐनवेळी तिला न मारता तिच्या बंदुकीवर नेम धरतो. सहकारी तक्रारीची धमकी देतो, तेव्हा बाँड सांगतो की मी फक्त व्यावसायिक मारेकऱ्यांनाच मारतो, आणि साहेबाने काढून टाकलं तर त्याचे आभारच मानीन. हा प्रसंग थेट फ्लेमिंगच्या कथेतून आलाय. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये तर मित्र फेलिक्सचा सूड घ्यायला तो नोकरीवरच पाणी सोडतो. त्याच्या आधी ट्रेसीच्या चित्रपटातही त्याने राजीनामा दिलेला असतो. साहेबाची सचिव मनीपेनी हुशारीने त्याचा रजेचा अर्ज करून टाकते.

दुःख उगाळण्याबद्दल एवढंच: ‘गोल्डफिंगर’ कादंबरी उघडते तेव्हा बाँड मायामी विमानतळावर दारू पीत, आपण नुकत्याच मारलेल्या माणसाचा विचार करत बसलेला असतो.

मरणाचंही तसंच. १९५७च्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’च्या शेवटी विषारी लाथ बसून तो कोसळतो आणि पुस्तक तिथेच संपतं. १९६४च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये त्याचा मृत्युलेख छापून येतो, आणि त्याच्यापासून गरोदर असलेली त्याची जपानी प्रेयसी किसी मागे राहते. क्रेगच्या शेवटच्या, २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मधल्या बाँडच्या मरणावरून आणि लेकीवरून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

मग बाँड पात्राबाहेर कधी जातच नाही का? जातो, पण तो कुणाशी कसा वागला यापेक्षा कथेने त्या वागण्याला कारण दिलं का, हे मी बघतो. १९८१च्याच चित्रपटात मूरचा बाँड कड्यावर लटकलेली मारेकऱ्याची गाडी लाथेने खाली ढकलतो. आपल्या बाँडला हे शोभत नाही, असं मूरना वाटत होतं. दिग्दर्शक जॉन ग्लेन अडून बसले. मला ग्लेन यांचं पटतं. त्या मारेकऱ्याने बाँडच्या साथीदाराचा जीव घेतलेला असतो, आणि लाथ मारण्याआधी बाँड त्या खुनाची खूण असलेली पिन त्याच्याकडे भिरकावतो.

हीच कसोटी लावली तर क्रेगचा एक चित्रपट मात्र नापास होतो: २०१५चा ‘स्पेक्टर’. शेवटी बाँड खलनायक ब्लोफेल्डला जिवंत सोडतो, पिस्तूल थेम्समध्ये फेकतो आणि प्रेयसी मॅडलिनबरोबर नोकरी सोडून निघून जातो. नोकरी सोडण्याला माझी हरकत नाही. व्हेस्परसाठीही त्याने नोकरी सोडलीच होती. पण ‘कसिनो रोयाल’ चित्रपटात त्याआधी तो शॉवरचा प्रसंग आहे: जिन्यातल्या मारामारीनंतर व्हेस्पर कपड्यांसकट पाण्याखाली थरथरत बसलेली, बाँड तसाच भिजत शेजारी बसतो, थंडी वाजतेय का विचारतो आणि पाणी गरम करतो. मॅडलिनच्या वाट्याला रेल्वेतली एक मारामारी येते, आणि लगेच पुढच्या दृश्यात शय्या.