ताईंनी तीन वर्ग बंद केले, ते बरंच केलं

गेल्या पंधरा दिवसांत सात-आठ जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुमच्या संस्थेचे वर्ग बंद पडायला लागले म्हणे?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

हो, नऊपैकी तीन वर्ग बंद झाले. पडले नाहीत, नव्या ताईंनी ठरवून बंद केले. अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी मी तिथे गणित घेतो. माझ्या मते हे पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळा सुटल्यावर जळगावच्या वस्त्यांमधल्या मुलांचा अभ्यास घेणारी ही छोटी संस्था. सरांनी उभी केली आणि बावीस वर्षं चालवली. स्कूटरला पुढे-मागे पुस्तकांच्या पिशव्या बांधून भर उन्हात वस्तीत शिरणारे सर मी पाहिलेत. तब्येतीमुळे जूनमध्ये त्यांनी जबाबदारी सोडली आणि विश्वस्तांनी ताईंना कार्यवाह केलं. ताई बाहेरून आलेल्या नाहीत. नऊ वर्षं त्या तुटपुंज्या मानधनावर आमचाच एक वर्ग घेत होत्या. काही विश्वस्तांना पुण्याहून पदवी घेऊन आलेलं कुणीतरी हवं होतं. ते झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

आमचा वर्ग दुपारी चार ते सहा भरायचा. का, तर सुरुवातीपासून तीच वेळ. समाजमंदिराला वर पत्रे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा चार वाजता त्या पत्र्याखाली पाच मिनिटं बसून बघा. पण उन्हापेक्षा मोठी अडचण घरात होती. वस्तीतल्या बऱ्याच आया एमआयडीसीत जातात, कुणी दालमिलमध्ये, कुणी चटईच्या कारखान्यात. त्या घरी येतात सातला. तोपर्यंत धाकटं भावंड कडेवर घेऊन घर सांभाळते ती सहावी-सातवीतली पोरगी. चारला वर्गात कोण यायचं? मुलगे, आणि ज्यांच्या घरी कुणीतरी मोठं माणूस आहे अशा मुली. बाकीच्या मुली पटावर होत्या. हजेरीही लागत होती. त्या पटांवर माझ्याही सह्या आहेत, आणि ते मला आज सलतं.

ताईंनी पहिला महिनाभर काहीच बदललं नाही. त्या फक्त घरोघरी गेल्या, त्याही रात्री आठनंतर, आया भेटतील तेव्हा. मग वेळ बदलली: साडेसहा ते साडेआठ. वर्ग समाजमंदिरातून गल्लीत आणले, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पुढच्या खोलीत, म्हणजे कामावरून परतणारी आई पोरीला सोबत घेऊनच घरी जाते. आणि सांगून टाकलं, धाकट्याला घेऊन आलीस तरी चालेल. आता प्रत्येक वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी असते आणि तिच्यावर दोन-तीन लेकरं झोपलेली असतात. शेजारी त्यांच्या बहिणी भागाकार करतात.

या वेळेला आमच्यातले काही कार्यकर्ते येऊ शकत नाहीत, त्यांनाही घर आहे. म्हणून नऊचे सहा झाले. दोन वर्गांची मुलं जवळच्या वर्गांत आली. तिसऱ्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या वर्गाला येताना अंधारात महामार्ग ओलांडावा लागला असता. अजिंठा चौफुलीच्या आसपास संध्याकाळी ट्रक कसे धावतात ते जळगावकरांना सांगायला नको. तो वर्ग बंद झाल्याचं मलाही वाईट वाटतं. तिथल्या वस्तीतच कुणी शिकवणारं मिळेपर्यंत दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

अजून एक. ताई मुलांशी अहिराणीत बोलतात. "ताई, आज वर्ग शे का?" असं विचारणाऱ्या पोराला पूर्वी आम्ही आधी "आहे का म्हण" असं सांगायचो. तेवढ्यानंच तो गप्प व्हायचा. आता गणित अहिराणीत समजावून घेतात आणि वहीत प्रमाण मराठीत लिहितात. तडवी या आदिवासी समाजातल्या घरची एक मुलगी वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. परवा तिनं फळ्यावर येऊन अपूर्णांक सोडवला.

देणगीदारांशी मात्र मला स्पष्ट बोलायचंय. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातून आमच्यासारख्यांना थोडंफार मिळतं. पण अर्जातला पहिला रकाना 'लाभार्थी संख्या'. आमची संख्या यंदा कमी दिसेल. मुली किती वाढल्या, त्यातल्या किती जणींना भागाकार जमतो, हे विचारा ना! दोन वर्षं तरी ताईंना आकड्यांसाठी धारेवर धरू नका.

"सरांशिवाय संस्था कशी चालेल?" हेही ऐकतोय. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० एवढेच होते. सत्याग्रहासाठी ते नोकरी सोडून गेले, शाळा चालूच राहिली. १९९५मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेची धुरा २०१५मध्ये संस्थापक माधव चव्हाणांकडून रुक्मिणी बॅनर्जींकडे गेली. त्याही संस्थेत आधी कित्येक वर्षं काम केलेल्या.

आता सरांना, सगळ्यांदेखत आणि पूर्ण आदरानं. सर, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयाला ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो तुम्ही वेळेत दिलात. पण बँकेत सही अजून तुमचीच आहे. खडूच्या बॉक्सचं बिल घेऊन ताईंना तुमच्या घरी यावं लागतं, आणि तुम्ही झोपलेले असलात तर त्या ओट्यावर थांबतात. तुम्ही मुद्दाम करत नाही, हे मला माहीत आहे. पण कार्यकर्ते ते बघतात आणि ताईंचा शब्द शेवटचा नाही असं समजून चालतात. या आठवड्यात बँकेत जाऊन या, सर. मी गाडी घेऊन येतो.

आणि बाकीच्यांना: पिंप्राळ्याकडच्या वर्गाला पाचवी ते सातवीच्या गणितासाठी दोन माणसं हवी आहेत. आठवड्यातून दोन दिवस, साडेसहा ते साडेआठ. पैसे मिळणार नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा, पहिल्या दिवशी मी सोबत येईन.