रेसमध्ये उतरायचंय? आधी पाहुण्यांची वाट बघायला शिका

सायकल घेतलीत, बरं केलंत. जीएसटी 12 चा 5 टक्के झाला म्हणून घेतलीत की डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण आता ग्रुपवर कुणीतरी रेसची लिंक टाकलीय आणि तुमचे पाय शिवशिवायला लागलेत, म्हणून ह्या चार टिपा. फुकट आहेत, घ्या.

पहिलं म्हणजे वजन. सायकलचं हो, तुमचं नंतर. यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा नियम आहे की रेसची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही. तुमचा आमचा यूसीआयशी काडीचा संबंध नाही, तरी आपली साडेआठ किलोची आहे ह्या विचाराने रात्री झोप उडायला हवी. मग कार्बनचा बॉटल केज मागवायचा, वीसेक ग्रॅम वाचवायचे, आणि रविवारी सिंहगड चढून गेलं की वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. दही दोनदा. रिकव्हरीला प्रोटीन लागतं.

दुसरं, एफटीपी टेस्ट, म्हणजे तासभर टिकेल एवढी तुमची ताकद किती ते काढायचं. 20 मिनिटं जीव जाईस्तोवर पेडल मारायचं, सरासरी वॉट्स येतील त्याचे 95 टक्के धरायचे, त्याला स्वतःच्या वजनाने भागायचं आणि मग कुणाला सांगायचं नाही.

झोन टूमध्ये, म्हणजे गप्पा मारता येतील इतक्या निवांत चालवा म्हणून कोच सांगेल. दिवे घाटात झोन टू कसा ठेवायचा ते मात्र सांगणार नाही.

स्प्रिंटचं वेगळं ट्रेनिंग घेऊ नका. पहाटे पाचला कुठल्याही गावाच्या वेशीवरून जा, कुत्री करून घेतात.

"कितीला पडली?" ह्याचं उत्तर कायम पंधरा हजार. घरीसुद्धा.

घरच्यांचं म्हणाल तर मावसबहिणीचा साखरपुडा, पुतण्याचं बारसं, सत्यनारायण, सगळं नेमकं शनिवार-रविवारीच येतं. जायचं, पण रात्री नऊला जांभई द्यायला लागायचं आणि "उद्या लाँग राईड आहे" म्हणून उठायचं. दोन-तीन वर्षांनी बोलावणंच बंद होतं. ट्रेनिंगला तेवढाच वेळ मिळतो.

बायपासच्या सर्व्हिस रोडला राँग साइडने टू-व्हीलर आली तर आपणच बाजूला व्हायचं. काही बोलायचं नाही, त्यांना राग येतो.

आता मुख्य टीप. रेसचा दिवस.

रिपोर्टिंग पहाटे 5 ला, फ्लॅग-ऑफ 6 ला, असं मेलमध्ये लिहिलेलं असतं. तुम्ही साधेभोळे, त्यावर विश्वास ठेवता. साडेतीनला उठून ओट्स-केळी खाता, अर्धा तास वॉर्मअप करता, 6 ला दहा मिनिटं कमी असताना एनर्जी जेल मारता आणि स्टार्ट लाइनला पुढची जागा धरून उभे राहता. आणि मग उभेच राहता. कारण प्रमुख पाहुणे निघालेत. निघालेत म्हणजे कुठून निघालेत ते कुणी सांगत नाही. तोवर स्टेजवर झुंबा सुरू. माइकवाला ओरडतोय "आवाज येत नाहीये!", डीजे लावलाय, खाली आम्ही नंबराचा बिब टोचून, पेडलला अडकणारे क्लीट घातलेल्या पायांनी उभे, जेल उतरलं, पाय गार पडले, आणि जागा सोडून लघवीला जावं तर पुढची लाइन गेली. मागच्या रविवारी पाहुणे आले 7 वाजून 20 मिनिटांनी. पाच एसयूव्ही घेऊन. आले ते "सायकल चालवा, पर्यावरण वाचवा" ह्यावर बोलले. मग झेंडा दाखवला, फोटो नीट आला नाही म्हणून परत दाखवला. दुसऱ्या झेंड्याला अर्धा बंच, म्हणजे सायकलवाल्यांचा घोळका सुटला, अर्धा म्हणतोय थांबा अजून एक आहे.

इथवरही हसता येतं. पण पोलीस बंदोबस्त होता 8 पर्यंत. 6 ला सुटलो असतो तर पुरला असता. 8 वाजले, बॅरिकेड निघाले, आणि आम्ही परतीच्या रस्त्याला चाळीसच्या स्पीडने, चाकाला चाक लावून तीस-पस्तीस जण. चौकात मार्शल म्हणून कॉलेजची पोरं उभी केलेली, बिचाऱ्यांना टी-शर्ट आणि शिट्टी दिलेली, काय करायचं ते सांगितलेलं नाही. डावीकडून भाजीचा टेम्पो सरळ आत आला. त्याचीही चूक नाही, त्याला कोण अडवणार होतं? त्याला चुकवून पुढे जातो तोच बिनपट्ट्यांचा स्पीडब्रेकर. पुढचा गेला, त्याच्यावर दोघं गेले. आमच्यातल्या एका पोराचं कॉलरबोन मोडलं. अँब्युलन्स होती हो, अगदी नियमाप्रमाणे होती. स्टेजच्या मागे, पाहुण्यांच्या गाडीने अडवलेली.

आणि रिझल्ट? रात्री व्हॉट्सॲपवर. अर्ध्यांच्या वेळ मोजायच्या चिप लागल्याच नाहीत, आणि आमच्या रोड कॅटेगरीत दुसरा आला तो एमटीबीवर, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलवर होता.

एन्ट्री फी 1800 रुपये. टी-शर्टवर पुढे-मागे मिळून बावीस लोगो, आणि फॉर्मवर बारीक अक्षरात "अपघातास आयोजक जबाबदार नाहीत".

आता टिपा बास झाल्या. अहो आयोजक, जानेवारी 2026 मध्ये ह्याच पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाली. 437 किलोमीटर, परदेशातून टीम्स आल्या, रस्ते तुळतुळीत झाले, वेळेला बंदही झाले, पुढे-मागे मोटरसायकली. म्हणजे आपल्याकडे जमतं. तेवढा पैसा तुमच्याकडे नाही, मान्य. पण स्पीडब्रेकरला चुना मारायला किती लागतो? मार्शलना आदल्या दिवशी एक तास बोलावून झेंडा कसा धरायचा हे दाखवायला किती लागतो? नोकरी सांभाळून वर्षभर पहाटे चारला उठणारी माणसं आहेत ही, तुमच्या स्टेजपुढची गर्दी नाही. बंदोबस्त पुरणार नसेल तर अंतर कमी करा, नाहीतर रद्द करा, पण उघड्या ट्रॅफिकमध्ये माणसं सोडू नका. पाहुण्यांना बक्षीस समारंभाला बोलवा, तिथे हवं तितकं बोलू दे. अँब्युलन्स बंचच्या मागे चालवा. आणि तो डीजे आधी बंद करा.