तान्ह्या बाळाला मध चाटवू नका

आमच्या पंचवटीतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की घसा धरला की आल्याचा रस नि मध चाटवा, तान्ह्या बाळालाही चालतं. नाही चालत हो! १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही द्यायचा नाही, त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात आणि बाळाचं आतडं तेवढं तयार नसतं, अंग ढिलं पडतं, दूध ओढता येत नाही, श्वासावर येतं, आणि मध उकळला तरी ते जंतू मरत नाहीत.

मोठ्यांनी खुशाल घ्या. नाशिकच्या थंडीत आमच्याकडे ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या चालूच असतात, खवखव कमी होते, पण इन्फेक्शन जात नाही. ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले तर डॉक्टरांना दाखवाच.