ड्रॉवरमधला बल्ब

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरचा दिवा गेला होता. किती दिवस गेला होता, तेही मला नेमकं माहीत आहे. सव्वीस. कारण पहिल्याच दिवशी मीच ग्रुपवर टाकलं होतं, "जिन्यातला दिवा गेलाय, कोणीतरी बघा प्लीज." खाली आठ अंगठे आले, एक नमस्कार आला. एकांनी "हो, मीही पाहिलं" असं लिहिलं. मग कोणाचा तरी वाढदिवस निघाला, शुभेच्छांचा पूर आला आणि त्यात आमचा दिवा वाहून गेला.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना सवय झाली होती. वळणाच्या चार पायऱ्या आधी हात आपोआप मोबाइलच्या टॉर्चकडे जायचा. अंधाराचा त्रास होणं थांबलं की अंधार हा बिल्डिंगचाच भाग होतो, बहुतेक.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी वरचे काका पडले. दोन्ही हातांत पिशव्या, त्यामुळे टॉर्च नाही. पायऱ्या संपल्या असं समजून त्यांनी पाऊल सपाट टाकलं, आणि एक पायरी उरली होती. तोल सावरायला हात पुढे केला, सगळं वजन मनगटावर आलं. आवाज ऐकून मी धावत गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि "काही नाही, काही नाही" म्हणत होते. मनगटाचा आकार मात्र काहीतरी वेगळंच सांगत होता.

त्यांना घेऊन निघायच्या आधी विमा-बिमाचे कागद लागतील म्हणून मी घरातला ड्रॉवर उघडला. माझे नव्हे, त्यांचे कागद लागणार होते, पण घाईत डोकं कुठे चालतं. तर ड्रॉवरमध्ये एक नवाकोरा एलईडी बल्ब होता. खोक्यासकट. कधी आणला होता आठवत नाही, पण सव्वीस दिवस तो तिथेच होता आणि मी ग्रुपवर "कोणीतरी" शोधत होते.

आता इथे मला एक तक्रार करायची आहे, आणि ती स्वतःबद्दल नाही. अशा प्रसंगांवर आपल्याकडे जे फॉरवर्ड फिरतात ना, "माणुसकी मेली", "समाजाच्या संवेदना बोथट झाल्या" वगैरे, त्यांचा मला मनापासून कंटाळा आलाय. आठ अंगठे देणाऱ्या त्या आठ जणांना मी ओळखते. त्यातल्या तिघांनी त्या रात्री काकांसाठी गाडी काढायची तयारी दाखवली. एक जण मध्यरात्रीपर्यंत आमच्याबरोबर बाकड्यावर बसला होता. यांची माणुसकी मेलेली असती तर ती रात्री साडेआठला अचानक जिवंत कशी झाली?

या सगळ्या फॉरवर्डांची आजी म्हणावी अशी एक गोष्ट आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. 38 जणांनी खिडकीतून बघितलं आणि हल्ला चालू असताना कोणीही पोलिसांना फोन केला नाही, अशी बातमी छापून आली आणि जगभर गेली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती कित्येक दशकं तशीच शिकवली गेली. पुढे लोकांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की 38 हा आकडा फुगवलेला होता, बहुतेकांनी फार तर काहीतरी ओरडणं ऐकलं होतं, आणि एक शेजारीण तर जीव धोक्यात घालून खाली गेली होती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत किटी तिच्याच मिठीत होती. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी छापली, त्यानेच 2016 मध्ये ती सदोष असल्याचं मान्य केलं. दुरुस्ती मात्र बातमीइतकी फिरली नाही. ती कधीच फिरत नाही.

पण त्या चुकीच्या बातमीतून एक खरं काम उभं राहिलं. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्या विद्यार्थ्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोन अनोळखी माणसं निवांत फॉर्म भरत बसलेली असली (ती प्रयोगकर्त्यांचीच माणसं होती) तर दहांतला एकच उठला. बाकीचे खोकले, डोळे चोळले, हाताने धूर बाजूला सारला आणि पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. नंतर विचारलं तर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं एसीचा काहीतरी प्रकार असेल. दोघांनी तर चक्क सांगितलं की आम्हाला वाटलं, हा खरी उत्तरं द्यायला लावणारा गॅस आहे! हे वाचून मी खूप हसले आणि मग आमचा जिना आठवला.

यात दगडाच्या काळजाचं कोणीच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतोय. चेहरा शांत दिसतो, म्हणजे काही गंभीर नसावं. आणि तो दुसरा आपल्याकडे बघून तेच ठरवतोय. आठ अंगठ्यांचंही तसंच झालं. प्रत्येक अंगठ्याने पुढच्याला सांगितलं, "बघितलंय हो, चाललंय काम."

गर्दी म्हणजे बेफिकिरी असंही नाही बरं का. अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी किमान एक जण तरी मध्ये पडला होता, आणि माणसं जास्त असली तर कोणी ना कोणी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे मारामारी असली की माणूस धावतो. धोका डोळ्यांना दिसतो, शंका उरत नाही. बल्ब गेला, नळ ठिबकतोय, झाकण हलतंय, एवढ्यासाठी कोणाच्याच छातीत धडधडत नाही. आपली खरी पडझड या बिनधडधडीच्या गोष्टींत होते.

याचा उपाय मला माहीत होता, आणि हे जास्त लाजिरवाणं आहे. काही वर्षांपूर्वी मी प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग केला होता. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहण्याचा उपचार, शिकवताना मिनिटाला 100 ते 120 दाब आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर हे सगळं सांगून झालं. दहा मिनिटांत माझे दंड भरून आले. टीव्हीत दाखवतात तसं ते हळुवार काम नाही. पण शिकवणाऱ्या ताईंनी सगळ्यात जास्त वेळ वेगळ्याच गोष्टीवर घालवला. "अॅम्ब्युलन्सला कोणीतरी फोन करा" असं ओरडायचं नाही. बोट दाखवायचं. "तुम्ही, निळा शर्ट, तुम्ही फोन लावा आणि मला येऊन सांगा." त्यांनी आमच्याकडून हे एकेकाला उभं करून म्हणून घेतलं. आम्हाला हसू येत होतं, अनोळखी माणसावर बोट रोखायला संकोच वाटत होता. त्या म्हणाल्या, "हृदय बंद पडल्यावर दाब मिळाले नाहीत तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. संकोच कितव्या मिनिटापर्यंत करायचा ते ठरवा." आमचं हसू गेलं.

एवढं शिकलेली बाई ग्रुपवर "कोणीतरी बघा प्लीज" लिहिते.

आता त्या रात्रीचा दुसरा भाग. काकांचा एक्स-रे होईपर्यंत मी बाहेर बसले होते. शेजारच्या टेबलावर एक शिकाऊ मुलगी बीपी मोजत होती, सराव करत असावी. "मॅडम, बघू का?" म्हणाली. 162/104. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ती बिचारी घाबरली आणि थोड्या वेळाने तिने दुसरं मशीन आणलं. 158/100. मी म्हटलं, आत्ता धावपळ झालीय ना, म्हणून. ते काही अंशी खरंही होतं. पण घरी आल्यावर तोच ड्रॉवर पुन्हा उघडला, कारण काहीतरी आठवलं होतं. बल्बच्या खालीच एक चिठ्ठी होती, दोन वर्षांपूर्वीची. 148/94, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात "पुन्हा तपासणे".

कोणी तपासणे? मी. पण ती वाचणारी मी त्या दिवशी घाईत होते, म्हणून काम पुढच्या महिन्यातल्या माझ्यावर सोपवलं. पुढच्या महिन्यातलीने तिच्या पुढच्या महिन्यातलीवर. दोन वर्षांत अशा चोवीस जणी झाल्या, आणि चोवीस जणींनी त्या चिठ्ठीला अंगठा दिला.

मला वाटतं, नागरिक म्हणून आपण जिन्यात जे करतो आणि रुग्ण म्हणून स्वतःच्या शरीरात जे करतो, ती एकच सवय आहे. तिथे "कोणीतरी" असतो, इथे "नंतर" असतं. उच्च रक्तदाबाला तर ही सवय फारच मानवते, कारण तो दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगात 30 ते 79 या वयातल्या 128 कोटी लोकांना तो आहे आणि त्यातल्या 46 टक्क्यांना त्याचा पत्ताच नाही. माझं त्याहून वाईट. मला पत्ता होता, ड्रॉवरमध्ये.

एका मोजणीवरून निदान करत नाहीत हे मात्र खरं. डॉक्टरांनी मला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला सांगितलं. आणि हे मोजणं आपण जवळपास सगळेच चुकीचं करतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नाही. लघवीला जाऊन यायचं, कारण तुंबलेल्या मूत्राशयानेही आकडा वर जातो. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय टाकायचा नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. मग मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. दवाखान्यात 140/90 ही रेघ धरत असले तर घरी 135/85 धरतात, कारण घरी माणूस जरा सैल असतो. या सगळ्यात मला सर्वांत अवघड गेली ती पाच मिनिटं. मोबाइल हातात न घेता पाच मिनिटं नुसतं बसणं, करून बघा.

आठवड्याची सरासरी 146/93 आली. गोळी सुरू झाली.

गोळी विसरायची मी चौथ्या दिवसापासूनच. सवय लागायला 21 दिवस लागतात असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून वाट बघितली. तो आकडाही असाच फिरत आलेला आहे. एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातल्या निरीक्षणाचा तो ताणलेला अर्थ. लंडनमध्ये खरोखर मोजून पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचं दिसलं, आणि फरक कुणाला 18 तर कुणाला 254 असा. मग मी निश्चयाचा नाद सोडला आणि गोळ्यांची पट्टी दात घासायच्या ब्रशला रबराने बांधली. दिसायला गबाळं आहे, पण ब्रश उचलला की ती हातात येतेच. "रोज घेईन" हा ग्रुपवरचा मेसेज झाला. "ब्रशच्या आधी" हे निळ्या शर्टाकडे बोट झालं. अमेरिकेत एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीचं पत्र पाठवताना, कोणत्या दिवशी किती वाजता जाणार हे लिहायला जागा ठेवली, एवढ्यानेच लस घेणारे 33 टक्क्यांवरून 37 वर गेले. चारच टक्के, चमत्कार नाही. पण फुकटचे चार टक्के.

दिव्याचंही मग तसंच केलं. बल्ब मी त्याच रात्री लावला, ते सोडा. पण ग्रुपवरची भाषा बदलली. "पाण्याच्या टाकीचं झाकण हलतंय, पहिल्या मजल्यावरचे दादा, शनिवारी सकाळी तुमची शिडी घेऊन याल का? मी खाली धरते." दादा आले. कुरकुरत आले, पण आले. काही जणांना हे आवडलेलं नाही. नाव घेऊन सांगणं म्हणजे चारचौघांत कामाला लावणं, असं एका वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचं अगदीच चुकीचं नाही. म्हणून मी दर वेळी स्वतःचं नावही त्याच वाक्यात घालते. आणि सगळंच आपण करायचं, असंही माझं म्हणणं नाही. जे काम कर घेणाऱ्या यंत्रणेचं आहे ते तिनेच करायला हवं. फक्त तिथेही "लोकांनी आवाज उठवला पाहिजे" म्हणण्यापेक्षा तारीख टाकून, तक्रार क्रमांक घेऊन, दहा दिवसांनी त्याच क्रमांकाने परत विचारणारी एक व्यक्ती लागते. क्रमांक आला की तक्रारीला मालक मिळतो.

काकांचं प्लास्टर निघालंय. मनगट पूर्वीसारखं वळत नाही. बरणीचं झाकण उघडायला हाक मारतात. मी त्यांना सॉरी म्हटलं होतं, बल्बचं सांगून. ते म्हणाले, "अगं, माझ्याकडेही दोन पडलेत की कपाटात." मग मी त्यांनाच कामाला लावलं: दर रविवारी अकरा वाजता मला माझं बीपी विचारायचं. निवृत्त माणूस, हिशेबात पक्का. एका वहीत आकडे लिहून ठेवतात आणि मागच्या आठवड्याशी ताडून बघतात. आकडा चढला तर मला शाळेतल्यासारखं कारण द्यावं लागतं.

आज रविवार. सव्वाअकराला त्यांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. ही पोस्ट लिहीत बसले आणि मोजायचं राहिलंय. आता पाच मिनिटं गप्प बसायचंय, तेव्हा फोन बाजूला ठेवते.