मीटर पळतंय, वाचायचं कुणी?

आज सकाळी लेखा विभागातून पुन्हा तोच फोन. "अहो, क्लाउडचं गेल्या महिन्याचं बिल वेगळं, या महिन्याचं वेगळं, असं कसं? करार तर एकच आहे ना?" गेली दोन वर्षं दर महिन्याला हा प्रश्न येतो आणि दर महिन्याला मी तेच सांगतो, की मॅडम, क्लाउड म्हणजे कंपनीचे दूरचे सर्व्हर इंटरनेटवरून वापरणं, त्याचं ठरलेलं भाडं नाही, मीटर आहे. जेवढं वापरू तेवढं बिल. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "ते ठीक आहे हो, पण दर महिन्याला सारखं येईल असं काहीतरी करा ना."

काहीतरी करा ना! अहो, आपण महापालिका आहोत. लोकांच्या दारात पाण्याचं मीटर आपण बसवतो, रीडिंग आपण घेतो. एखाद्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळून बिल तिप्पट आलं आणि तो बिचारा अर्ज घेऊन खिडकीवर उभा राहिला, तर "मीटर खोटं बोलत नाही, तुमची गळती तुम्ही बघा" असं आपणच त्याला ऐकवतो. आणि स्वतःच्या घरातला नळ दोन वर्षं धो धो वाहतोय, तर आपल्याला सुचतं काय? मीटरवाल्याला सांगा, आकडा सारखा ठेव.

मुळात हे सगळं सुरू झालं एका सादरीकरणातून. पडद्यावर निळं आभाळ, त्यात गुबगुबीत पांढरा ढग, ढगातून खाली येणारे बाण. 'खर्च कमी होतो' एवढं वाक्य साहेबांनी टिपून घेतलं. त्याच्या पुढचं, म्हणजे 'जर वापरावर लक्ष ठेवलं तर', ते बोललं जात असताना चहा आला असावा. मग निविदा निघाली, कार्यादेश निघाला आणि तळघरातले सगळे सर्व्हर होते तसे उचलून क्लाउडवर नेऊन ठेवले. या प्रकाराला 'लिफ्ट अँड शिफ्ट' असं भारदस्त नाव आहे. मराठीत सांगायचं तर घर बदलताना कचऱ्याची बादलीसुद्धा न रिकामी करता नव्या घरात नेली.

जुना सर्व्हर घेताना आम्ही वाढत्या मापाचा घ्यायचो, कारण पुन्हा खरेदीची मंजुरी कधी मिळेल याचा भरवसा नसायचा. सोळा कोअर, चौसष्ट जीबी मेमरी, आणि वर चालायचं काय, तर आवक-जावक नोंदवही. प्रोसेसर दिवसभर जांभया देत असायचा. तिथे ते खपून गेलं, एकदा पैसे दिले की संपलं. पण क्लाउडवरही आम्ही तेच माप घेतलं! तिथे मशीन जांभया देत असलं तरी तासाचे पैसे पडतात. आज लहान घ्या, उद्या लागलं तर मोठं करा, ही सोय आहे म्हणून तर तिकडे गेलो ना? पण निविदेत जुन्या सर्व्हरचा तपशील चिकटवला होता, तो कुणी वाचलाच नाही.

आणि ते चाचणी सर्व्हर, म्हणजे नवं काही लोकांसमोर आणण्याआधी करून बघायची मशीन. महिन्याचे तास होतात साधारण ७३०. कचेरीचे धरा दिवसाचे ८ आणि महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १७६. चाचणीचं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर चारातले तीन तास ते रिकाम्या खोलीतल्या पंख्यासारखं फिरत राहतं. संध्याकाळी बंद, सकाळी सुरू, हे वेळापत्रक लावायला अर्धा तास पुरतो. आमच्याकडे अशी अकरा मशीन आहेत. त्यातली चार कुणासाठी चालू आहेत हेच कुणाला सांगता येत नाही, कारण ती ज्या पोराने सुरू केली ते कंत्राटदाराकडची नोकरी सोडून गेलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणाचं बिल आम्ही वेळेत भरतोय याचा आम्हाला अभिमान!

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या छापली. जेमतेम दोन पानांत मावते. त्यात पाच लक्षणं दिली आहेत. हवं तेव्हा स्वतःच घेता यावं, जाळ्यावरून कुठूनही पोचता यावं, साधनं अनेकांत वाटलेली असावीत, गरजेनुसार पटकन वाढावीत-आटावीत आणि वापर मोजलेला असावा. यातल्या तीन लक्षणांचा गळा आम्ही नियमानुसार, सही-शिक्क्यासह दाबला आहे. हवं तेव्हा स्वतः घ्यायचं? छे. डिस्क वाढवायला दोन मिनिटं लागतात, पण त्याआधी टिपणी, मग नस्तीचा सहा टेबलांवरून प्रवास, मग एक शंका, मग शंकेचं निरसन, आणि परत पहिल्या टेबलापासून. मोजलेला वापर? मोजलेला आहे हो, तासातासाचा हिशेब समोर दिसतो. बघतं कोण?

पण खरा तमाशा झाला तो वाढण्या-आटण्याचा. कर भरायचा शेवटचा दिवस. वर्षभर पोर्टलवर माश्या मारायची वेळ, आणि त्या दिवशी अख्खं शहर एकदम आत. नेमक्या अशाच दिवसासाठी तर क्लाउड आहे. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात. आमचं पोर्टल साडेअकराला आडवं झालं. का? तर वाढीची कमाल मर्यादा 'दोन' अशी लावलेली. का? तर मंजूर टिपणीत 'दोन सर्व्हर' असं लिहिलं होतं, आणि तिसरा सुरू झाला असता तर तो विनामंजुरी खर्च ठरला असता! खाली खिडकीवर रांग दारातून बाहेर गेलेली, लोक हातातले फोन उंच करून दाखवतायत, की बघा, गोल गोल फिरतंय. वर साहेब मला विचारतायत, "आपोआप वाढतो म्हणाला होतात ना?" वाढतो साहेब. आपणच त्याचे पाय बांधून त्याला शर्यतीत उतरवलंय. मर्यादा दहा करायची मंजुरी आली ती मुदतवाढीचीही मुदत संपल्यावर. वरातीमागून घोडं, आणि ते घोडंही दोन प्रतींत.

खिडकीवरच्या लोकांची मला खरंच दया येते, दोन्ही बाजूंच्या. पूर्वी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणायचे, आता "क्लाउड डाऊन आहे" म्हणतात. मागच्या वेळी ऐकलं तेव्हा मी तपासलं. क्लाउड ठणठणीत होता. आमच्याच रस्ते विभागाने आमच्याच इमारतीसमोर खणताना आमचीच केबल तोडली होती. दुसरी लाइन घ्या, वेगळ्या बाजूने येणारी घ्या, असं मी तीनदा लिहून दिलंय. सगळा कारभार दूरच्या मशीनवर नेला आणि तिथवर जायची वाट एकच, तीही खणण्याच्या कक्षेत!

लेखापरीक्षण तर वेगळाच जन्म. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कचेरीतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, पुढ्यात ठेवून एक गृहस्थ मला म्हणाले, "सर्व्हर दाखवा. नंबर टाकलाय का त्यावर?" मी म्हटलं, तो भाड्याचा आहे, इथे नाही. "मग भौतिक पडताळणी कशी करायची?" मी स्क्रीन दाखवला. त्यांनी शेरा लिहिला, 'वस्तू जागेवर आढळून आली नाही.'

त्यांना तरी काय बोलायचं? चौकटच तशी. सर्व्हर विकत घेणं हा भांडवली खर्च, एकदा मंजुरी घेतली की पाच वर्षं कुणी विचारत नाही. क्लाउड महसुली खर्चात येतो, विजेच्या बिलाशेजारी, आणि तिथे आकडा हलला की कपाळाला आठी. त्यात गंमत बघा. एक किंवा तीन वर्षं वापरू अशी हमी दिली की दर चांगलाच खाली येतो. आमचं बजेट वर्षाचं, हमी देणार कोण? म्हणून दोन वर्षं एक मिनिट बंद न पडलेल्या मशीनसाठी आम्ही अजून 'कधीही सोडून जाऊ' या सगळ्यात महाग दराने पैसे मोजतोय. सोडून जाणार कुठे? माहिती आत टाकायला फुकट, बाहेर काढायला गिगाबाइटमागे पैसे, हे करारात होतं आणि सही करताना कुणी विचारलंही नाही.

आता किल्लीची गोष्ट. प्रत्येक क्लाउड खात्याला एक मालक-खातं असतं. त्याने सगळं उघडतं, सगळं पुसताही येतं. ते रोज वापरायचं नसतं, कुलूपबंद ठेवायचं असतं. आमचं मालक-खातं ज्या अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर नोंदवलंय ते दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. ओटीपी अजून त्यांनाच जातो. भला माणूस आहे, फोन उचलतात. पण एकदा ते गावाला गेले होते, रेंज नव्हती, आणि आम्ही चौघं जण दुपारभर त्यांच्या नातवाला फोन लावत बसलो होतो, की बाबा, आजोबांना जरा गच्चीवर पाठव. शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कराचे हिशेब, बांधकाम परवाने, सगळं त्या गच्चीवर लटकलेलं. नंबर बदलायची टिपणी? दिली आहे. 'संबंधितांचे नाहरकत पत्र जोडावे' असा शेरा आहे.

आणि "क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी उठून जाणार आहे. इमारत, वीज, यंत्रं ही कंपनीची जबाबदारी. आत काय ठेवलं, किल्ली कुणाला दिली, दुसरी प्रत कुठे ठेवली, ही आपली. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे ठेवल्या जायच्या तो जी-ड्राइव्ह नावाचा सरकारी क्लाउड जळून गेला. ८५८ टेराबाइट. बाहेर दुसरी प्रत नव्हती. ही बातमी मी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. चार दिवसांनी तिच्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला दिसला.

कुणाला वाटेल हा क्लाउडच्या विरोधात आहे. मुळीच नाही. तळघरातल्या सर्व्हररूमची मला अजिबात आठवण येत नाही. छताला ओल, खाली वायरींचं जंगल आणि कोपऱ्यात कुणाची तरी सायकल. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या संगणकांवर खंडणीखोरांनी टाच आणली. १३ बिटकॉइन मागितले, शहराने दिले नाहीत, पण सावरायचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न धरून अंदाज १.८ कोटी डॉलरच्या घरात गेला. मालमत्तांचे व्यवहार अडले, पाण्याची बिलं अडली. सर्व्हर आपल्या डोळ्यांसमोर आहे म्हणून तो सुरक्षित असतो असं नाही. लॉस एंजेलिसने तर २००९ मध्येच तीस हजार कर्मचाऱ्यांचं ईमेल क्लाउडवर न्यायचं ठरवलं होतं. पण गुन्हेगारीविषयक माहितीचे सुरक्षा नियम तिथे बसेनात, म्हणून पोलीस खातं शेवटी २०११ मध्ये त्यातून वगळावं लागलं. करार आधी, नियम नंतर वाचला. म्हणजे हा रोग आमचा एकट्याचा नाही. पण त्याने मला काय दिलासा? बिल तर मलाच समजावून सांगायचंय.

आणि हो, ते तळघर. ते अजून चालू आहे! 'असू द्या, कधी लागलं तर' म्हणून जुने सर्व्हर बंद केलेलेच नाहीत. एसी चोवीस तास, यूपीएसचा देखभाल करार चालू, वर क्लाउडचं मीटर चालू. खर्च कमी होणार होता ना? आम्ही तो दोन मजल्यांवर विभागून दिला.

गेल्या महिन्यात मी शेवटी त्या अकरा चाचणी मशीनची यादी केली. कोणतं कधीपासून चालू आहे, शेवटचं कुणी कधी वापरलं, बंद केलं तर महिन्याला किती वाचतील, सगळं एका पानावर. मुद्दाम एकाच पानावर, म्हणजे वाचलं जाईल. टिपणी काल परत आली. खाली हिरव्या शाईत शेरा आहे, 'सदर यंत्रे सुरू करण्यास दिलेली मूळ मंजुरी जोडावी. तसेच ती बंद करण्यास सक्षम प्राधिकारी कोण, हे स्पष्ट करून फेरसादर करावे.'

सुरू करायला मंजुरी लागलीच नव्हती. त्या पोराने एक बटण दाबलं होतं.