रोनाल्डोने 4 अब्ज डॉलर बुडवले? फांदी आधीच मोडली होती

‘रोनाल्डोने दोन बाटल्या बाजूला सारल्या आणि कोका-कोलाचे 4 अब्ज डॉलर बुडाले. सोशल मीडियाच्या जमान्यात प्रायोजकांचे दिवस संपले!’ ही पोस्ट अजूनही फिरते आणि क्रीडा-मार्केटिंगचे धडे देणारेही ती बिनदिक्कत वापरतात.

स्पर्धेचा प्रायोजक असलेल्या कोका-कोलाच्या बाटल्या सरकवल्या हे खरं. युरोपीय देशांची युरो 2020 फुटबॉल स्पर्धा (कोरोनामुळे ती 2021 मध्ये झाली), 14 जून, बुडापेस्टमधली पत्रकार परिषद. रोनाल्डोने पाण्याची बाटली उंचावून ‘आग्वा’ (पोर्तुगीजमध्ये पाणी) म्हटलं. त्या दिवशी कोका-कोलाचं बाजारमूल्य सुमारे 242 अब्ज डॉलरवरून 238 अब्जांवर आलं, हेही खरं.

पण घड्याळ बघा. न्यूयॉर्कचा बाजार उघडताच, पहिल्या काही मिनिटांतच शेअरचा भाव 56 डॉलरच्या वरून सव्वापंचावन्न डॉलरच्या आसपास आला होता. रोनाल्डो माइकसमोर बसला तो त्यानंतर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असंही म्हणता येत नाही. इथे फांदी आधी मोडली, कावळा मागाहून आला.

भाव का पडला? त्याच दिवशी शेअर एक्स-डिव्हिडंड झाला. म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला 42 सेंटचा तिमाही लाभांश मिळणार नव्हता, आणि तेवढा भाव अशा दिवशी साधारणपणे उतरतोच. सुमारे 4.3 अब्ज शेअर गुणिले 42 सेंट म्हणजे 1.8 अब्ज डॉलर. ‘बुडालेल्या’ रकमेचा जवळपास निम्मा भाग इथेच निघाला. उरलेली घसरण एक टक्क्याच्याही आत. एवढा चढउतार कुठल्याही सोमवारी होतो. आणि ‘बुडाले’ म्हणावं, तर जानेवारी 2022 मध्ये हाच शेअर 60 डॉलरच्या वर होता.

आता ‘प्रायोजकांचे दिवस संपले’. प्रायोजक गेला नाही, स्पर्धा त्याच्याही पैशावर पार पडली. (रोनाल्डो स्वतः एकेकाळी कोका-कोलाच्या जाहिरातीत झळकला होता, ते पोस्टमध्ये नसतं.)

पोस्टमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर आहे, आणि नेमकी तीच शेअरच्या आकड्याखाली दबते. टेबलावरची बाटली ठेवली जाते टीव्हीच्या चौकटीसाठी: ब्रँड मागे दिसत राहावा, कुणी त्यावर बोलू नये. काही सेकंदांची क्लिप तीच बाटली मुख्य पात्र करून टाकते, आणि मग प्रायोजकाच्या हातात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या पोग्बाने हायनेकेन या दुसऱ्या प्रायोजकाची बिनअल्कोहोल बिअर हटवली, नंतर इटलीच्या लोकातेल्लीने कोक. युक्रेनच्या यार्मोलेन्कोने उलट सगळ्या बाटल्या जवळ ओढल्या आणि कंपन्यांनी आपल्याशी संपर्क साधावा, असं हसत सांगितलं. फुकटची जाहिरात झाली ती अशी. युएफाने (स्पर्धा भरवणारी युरोपीय फुटबॉल संघटना) संघांना प्रायोजकांबाबतच्या जबाबदारीची आठवण करून दिली, आणि मुस्लिम खेळाडूंसमोर हायनेकेनची बाटली न ठेवण्याची मुभाही दिली.